बावीस मैलांची बोट



लंका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने रामायण उभे राहते. आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना रेडिओ सिलोन आणि त्यावरचा बुधवारचा गाण्यांचा कार्यक्रमही आठवेल. पण लंकेला जायचे कसे, असे कोणी विचारले तर आपण सहज विमानाचे नाव घेतो. एक काळ मात्र असा होता, की मद्रासच्या एग्मोर स्टेशनावर खिडकीशी उभे राहून कोलंबोचे तिकीट मागता येत असे, आणि तिकीटबाबू मुळीच आश्चर्य न करता ते काढून हाती देत असे. आधी आगगाडी, मध्ये आगबोट आणि पुढे पुन्हा आगगाडी, असा तो प्रवास होता. तिकीट मात्र सबंध वाटेचे एकच.

आज मला तुम्हांला सांगायचे आहे ते या मधल्या आगबोटीविषयी. ही बोट भारताच्या एका बेटावरून निघे आणि सिलोनच्या एका बेटाला लागे. अंतर सुमारे बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर. एवढ्याशा प्रवासात सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्ही म्हणाल. पण या बावीस मैलांच्या पाण्यावरून यात्रेकरू गेले, व्यापारी गेले, मळ्यांवर राबणारे लाखो मजूर गेले. आणि पुढे त्याच मजुरांची मुले-नातवंडे, पुष्कळशी मनाविरुद्ध, याच पाण्यावरून परत आली. दोन शेजारी देशांमध्ये साधी उतारूंची बोट असणे वा नसणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रथम जागा पाहू. शिक्षक मंडळींनी वर्गातला नकाशा भिंतीवर टांगावा. भारताच्या दक्षिणेकडे, पूर्वेच्या अंगाला, रामनाथपुरम जिल्ह्याची जमीन समुद्रात बोटासारखी पुढे आलेली दिसेल. तिच्या टोकाशी मंडपम नावाचे गाव आहे. मंडपमपुढचे अरुंद पाणी ओलांडले की पांबनचे बेट लागते. रामेश्वराचे देऊळ आहे ते याच बेटावर. बेटाची शेपटी आग्नेयेकडे लांबत जाते, आणि निमुळती होत होत संपते. त्या शेपटीवर धनुष्कोडी. तमिळ भाषेत कोडी म्हणजे टोक. धनुष्याचे टोक ते धनुष्कोडी. पाण्यापलीकडे मन्नार नावाचे दुसरे लांबट बेट आहे, ते लंकेचे. त्याच्या आपल्याकडच्या टोकाला तलाईमन्नार म्हणतात. तलै म्हणजे डोके. तेव्हा एका बेटाची शेपटी आणि दुसऱ्या बेटाचे डोके एकमेकांसमोर आले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या दोहोंच्या मध्ये वाळूच्या आणि चुनखडीच्या उथळ पट्ट्यांची एक ओळ आहे. तिलाच आपण रामसेतू म्हणतो. इंग्रजी नकाशांत तिला आदमचा पूल असे नाव आहे. पाणी काही जागी मीटरभर, आणि खोल म्हणावे तिथे दहा मीटरांच्या आतबाहेर. त्यामुळे मोठ्या जहाजांना येथून वाट नाही. मुंबईहून कलकत्त्याला जाणारे जहाज लंकेला वळसा घालूनच जाते. ओळीच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. तिथले कोळी उत्तरेकडच्या समुद्राला बाईसमुद्र म्हणतात आणि दक्षिणेकडच्याला पुरुषसमुद्र. एक उथळ आणि शांत, दुसरा खोल आणि लाटांचा. पण बाईसमुद्रही एकदा कोपला म्हणजे काय करतो, ते पुढे येणारच आहे.

ही जागा मराठी माणसाला परकी नाही. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, ही यात्रा आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढ्यांनी पायी केली. घरी परत आले तर देवाची कृपा, असे समजून निघायचे. आपले यात्रेकरू सेतूवर समुद्रस्नान करीत आणि मागे फिरत. पलीकडे जाणारे लोक निराळे. ते कोळी होते, तांदूळ आणि कापड घेऊन जाणारे व्यापारी होते, शिडाच्या होड्या हाकणारे नावाडी होते. त्यांच्या लेखी समोरचा किनारा म्हणजे परदेश नव्हता. तो नुसता पलीकडचा काठ होता. भाषा दोन्हीकडे तमिळच. सोयरिकी दोन्हीकडे. १८९७ च्या जानेवारीत स्वामी विवेकानंद पश्चिमेकडून परत आले, ते आधी कोलंबोला उतरले, तिथून जाफन्याला गेले, आणि तिथून समुद्रमार्गे पांबनला पोचले. त्या परतीच्या प्रवासात भारतभूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले ते याच बेटावर.

त्या सुमारास मद्रासहून कोलंबोला जायची सरकारी वाट तुतिकोरिनवरून होती. आगगाडीने तुतिकोरिन, आणि तिथून आगबोटीने सगळे मन्नारचे आखात तिरपे ओलांडून कोलंबो. समुद्रप्रवास लांबचा आणि लाटांचा. तेव्हा रेल्वेवाल्यांनी विचार केला, की आगगाडी जितकी पुढे नेता येईल तितकी न्यावी आणि समुद्र जिथे अगदी अरुंद आहे तिथे ओलांडावा. आगगाडीचा पूल थेट लंकेपर्यंत न्यावा, अशीही कल्पना निघाली होती. पण ती कागदावरच राहिली. मंडपम आणि पांबन यांच्यामध्ये मात्र पूल झाला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो सुरू झाला. समुद्रावरचा हा भारतातला पहिला पूल, लांबी दोन किलोमीटरांहून थोडी जास्त. जहाज यायचे झाले की माणसे हाताने दांडे फिरवीत आणि पुलाचा मधला भाग दोन पाखांनी वर उघडे. आता त्याच्या शेजारी नवा पूल झाला असून ६ एप्रिल २०२५ रोजी तो सुरू करण्यात आला. त्याचा मधला भाग सबंध उचलून वर जातो.

१९१४ मध्येच पलीकडे तलाईमन्नारपर्यंत सिलोनच्या रेल्वेचा फाटा आला. दोन्ही टोकांना धक्के झाले आणि बोटी आल्या. कर्झन, एल्जिन, हार्डिंज ही त्या बोटींची नावे. पुढे अर्विन आणि गोशेन आल्या. सारी नावे लाटसाहेबांची. मद्रासहून निघणाऱ्या गाडीला लोक बोट मेल म्हणू लागले, आणि गंमत अशी की बोट गेली तरी चेन्नई-रामेश्वरम गाडीचे ते नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही.

हा प्रवास कसा होई? गाडी रात्री मद्रासहून निघे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धनुष्कोडीच्या धक्क्यापाशी उभी राही. उतारू उतरत. जकातीचे शिपाई पेट्या उघडून पाहत, डॉक्टर माणसे तपासत. मग फळीवरून बोटीत. वरच्या वर्गाला खुर्च्या आणि चहापाणी. बाकीच्यांना उघडा डेक, तिथे आपापली वळकटी पसरावी. भोंगा होई, दोर सुटत, आणि वाळूचा पांढरा पट्टा मागे पडू लागे. संध्याकाळी तलाईमन्नार. तिथल्या धक्क्याला लागून सिलोनची गाडी तयार. रात्रभर ती जंगलातून आणि भातखाचरांतून धावे, आणि सकाळी कोलंबो. दोन रात्री आणि एक दिवस, एवढ्यात माणूस एका देशातून दुसऱ्या देशाच्या राजधानीत.

या गाडीवर आणि बोटीवर धनुष्कोडी गाव वाढले. स्टेशन, टपालकचेरी, जकातकचेरी, दवाखाना, शाळा, देऊळ, चर्च सारे आले. आपले माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम रामेश्वरचे. त्यांच्या वडिलांनी यात्रेकरूंना रामेश्वरहून धनुष्कोडीला नेण्यासाठी स्वतः लाकडी होडी बांधली होती आणि पुढे एका वादळाने ती नेली, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. महायुद्धाच्या दिवसांत गाडी रामेश्वरला थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या डब्यातून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करणे हे लहानग्या कलामांचे पहिले कमाईचे काम झाले. म्हणजे पाहा, बोटीसाठी टाकलेल्या रुळांवर किती घरांची चूल पेटत होती.

येथवर मी तुम्हांला बोटीची वरची बाजू सांगितली. आता डेकवर बसलेल्यांकडे वळू.

सिलोनच्या डोंगराळ भागात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉफीचे मळे लावले. १८६९ पासून कॉफीवर पानांचा तांबेरा पडू लागला आणि मळे बुडाले. मग त्याच उतारांवर चहा आला. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये कँडीजवळ चहाचा पहिला व्यापारी मळा लावला होता, त्याचे अनुकरण सर्वांनी केले. मजूर आणले ते समोरच्या किनाऱ्यावरून. तिरुचिरापल्ली, मदुरा, सेलम, तंजावर, रामनाड या जिल्ह्यांतून, दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेल्या खेड्यांतून. बोट आणि गाडी येण्यापूर्वी ही माणसे शिडाच्या होड्यांतून तलाईमन्नारला उतरत आणि तिथून जंगलातून पायी मातलेपर्यंत जात. पाणी नाही, ताप, पटकी. वाटेत मेले त्यांना वाटेतच पुरले. २०२३ मध्ये या पहिल्या आगमनाला दोनशे वर्षे झाली, म्हणून त्यांच्या वंशजांनी तलाईमन्नारहून मातलेपर्यंत पदयात्रा काढली. अंतर अडीचशे किलोमीटरांच्या घरात.

मजुरांना आणणाऱ्या मुकादमाला कंगाणी म्हणत. तो गावात येऊन आगाऊ पैसे देई. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना उचल ठाऊक आहे. तीच ही गोष्ट. मजुराच्या नावे कर्ज किती आहे, हे सांगणारी तुंडू नावाची चिठ्ठी असे. एका मळ्याचे कर्ज फिटल्याशिवाय दुसऱ्या मळ्यावर काम मिळत नसे. पुढे मजुराच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला आला. कोणत्या मळ्याचा माणूस, याचा आकडा त्यावर ठोकलेला असे. तो दाखवला की सारा प्रवास मळेवाल्याच्या खात्यावर. मंडपमला सिलोन सरकारने भारताच्या भूमीवर एक मोठी छावणी उभारली होती. तिथे मजुरांना काही दिवस अडकवून ठेवीत, टोचीत, कपडे औषधी पाण्यातून काढीत, आणि मग बोटीवर चढवीत. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे नाव मंडपम कॅम्प असे पडले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

बोट स्वस्त होती, नियमित होती. त्यामुळे मजूर गावाला येऊन-जाऊन राहू शकत. बहिणीच्या लग्नाला यावे, शेताचा तुकडा सोडवावा आणि पुन्हा जावे. पण हळूहळू पिढी बदलली. चहाच्या मळ्यावर लाइन नावाच्या एका ओळीतल्या खोल्या असत, त्यांत मुले जन्मली, वाढली. त्यांना तिरुचिरापल्ली हे नुसते आजोबांच्या तोंडचे नाव होते. १९३९ मध्ये भारत सरकारने अकुशल मजुरांचे सिलोनला जाणे बंद केले. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी तिथे नागरिकत्वाचा कायदा झाला. वाडवडील तिथेच जन्मल्याचे कागद दाखवा, असे त्यात होते. आता मळ्यावरच्या मजुराच्या आजाच्या जन्माचा कागद कोण देणार? त्याच्यापाशी होता तो फार तर एक पत्र्याचा बिल्ला. परिणाम असा झाला, की मळ्यांवरची बहुतेक सारी माणसे कोणत्याच देशाची राहिली नाहीत. चहा त्यांनी पिकवला, तो जगभर गेला. त्यांना मात्र देश नव्हता.

हा प्रश्न सोडवण्यासाठी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. नऊ लाख पंचाहत्तर हजार माणसांचा हिशेब होता. सव्वापाच लाख भारताने घ्यावीत, तीन लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, आणि उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहू, असे ठरले. १९७४ मध्ये त्या दीड लाखांचीही निम्मी-निम्मी वाटणी झाली. दोन्ही सरकारांना भांडण मिटवायचे होते, आणि ते शांततेने मिटवले, हे खरे. पण ज्यांच्याविषयी करार होता, त्यांना त्या बैठकीत जागा नव्हती, हेही तितकेच खरे. अर्ज मागवले गेले, तेव्हा सिलोनचे नागरिकत्व मागणाऱ्यांची संख्या ठरवलेल्या तीन लाखांच्या कितीतरी वर गेली.

आणि या करारानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच बाईसमुद्र कोपला.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. चक्रीवादळ थेट धनुष्कोडीवर आले. पांबनहून धनुष्कोडीला जाणारी शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास गावाजवळ पोचली होती. सिग्नल दिसेना. ड्रायव्हरने शिट्टी दिली आणि गाडी हळू पुढे घेतली. तेवढ्यात समुद्राची लाट आली आणि डब्यांसकट शंभरावर उतारू तिने नेले. त्यांतले कोणी वाचले नाही. गाव बुडाले. दोन्ही देश मिळून अठराशेच्या आसपास माणसे या वादळात गेली असे मानतात. पांबनच्या पुलाचेही बहुतेक गर्डर वाहून गेले. तो पूल दुरुस्त करण्याचे काम ई. श्रीधरन या तरुण इंजिनियराकडे आले आणि त्यांनी ते ४६ दिवसांत पुरे केले. पुढे आपली कोकण रेल्वे बांधली ते हेच श्रीधरन. पूल उभा राहिला, पण धनुष्कोडी राहिले नाही. सरकारने ते राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केले. चर्चच्या भिंती, स्टेशनाचे अवशेष आणि वाळू तिथे आज दिसते.

बोट तेव्हा रामेश्वरहून सुटू लागली. प्रवास लांबला, पण बोट चालू राहिली, कारण कराराची माणसे आणायची होती. शेवटच्या वर्षांत या वाटेवर रामानुजम नावाची बोट होती. एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. कँडीच्या वरच्या डोंगरातल्या मळ्यावरून ते गाडीने तलाईमन्नारला येते. सामान म्हणजे भांडी, अंथरूण, देवाची तसबीर. म्हातारी मागे राहिली आहे, कारण तिला सिलोनचा कागद मिळाला. मुलाला भारताचा मिळाला. एकाच चुलीवर जेवणारी माणसे दोन देशांत वाटली गेली. धक्क्यावर शेजारीपाजारी निरोप द्यायला आलेले. बोट सुटते. आजोबा ज्या पाण्यावरून गळ्यात बिल्ला घालून गेले, त्याच पाण्यावरून नातू हातात कागद घेऊन येतो, आणि उतरतो ते कुठे? मंडपम कॅम्पात. तीच छावणी.

पुढे काहींना निलगिरीत तमिळनाडू सरकारने लावलेल्या चहाच्या मळ्यांवर काम मिळाले, काहींना केरळ-कर्नाटकातल्या रबराच्या मळ्यांवर. पुष्कळजण कोटगिरी-कुन्नूरच्या डोंगरांत आपण होऊन गेले, कारण थंडी आणि चहा याखेरीज त्यांना दुसरे काही ठाऊक नव्हते. सिलोनमध्ये त्यांना इंडियन तमिळ म्हणत. येथे आल्यावर गावकरी त्यांना सिलोनवाले म्हणू लागले. असो.

जुलै १९८३ मध्ये लंकेत तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या आणि यादवी युद्ध पेटले. १९८४ च्या सुमारास रामेश्वर-तलाईमन्नार बोट बंद पडली. ती आजतागायत सुरू झालेली नाही. १९९० च्या सुमारास पलीकडची रेल्वेही उखडली गेली.

आता मला ज्या मुद्द्यावर यायचे होते तो हा. बोट बंद झाली. येणे-जाणे बंद झाले का? मुळीच नाही. ते रात्री सुरू झाले. कोळ्यांच्या होड्यांतून हजारो निर्वासित हा समुद्र ओलांडून आले. होडीवाला मागेल तेवढे पैसे द्यायचे, आणि तो सोडील तिथे उतरायचे. कित्येकांना वाळूच्या उघड्या पट्ट्यांवर सोडून देण्यात आले. दिवस उजाडल्यावर कोणी पाहिले तर वाचले. ज्यांची होडी उलटली त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. पोचले ते गेले मंडपम कॅम्पात. २००९ मध्ये युद्ध संपले, तरी २०२२ मध्ये लंकेत तांदूळ, दूधभुकटी आणि इंधन मिळेनासे झाले, तेव्हा पुन्हा मुलाबाळांना घेऊन कुटुंबे याच रीतीने धनुष्कोडीच्या वाळूवर उतरली. सरकारी बोटीत माणसाचे नाव लिहिले जाते, डॉक्टर पाहतो, भाडे ठरलेले असते, तुफान असेल तर कप्तान दोर सोडत नाही. ही वाट मिटली की समुद्र मिटत नाही. गरिबाला तो फक्त महाग होतो आणि काळोखाचा होतो.

उलट बाजूही नजरेआड करू नये. बोट असणे म्हणजे सारे भले असे नव्हे. याच बोटीने कर्जात बुडालेल्यांना मळ्यांवर नेले, आणि ज्यांना यायचे नव्हते त्यांना परत आणले. बोटीत बसणाऱ्याच्या मर्जीला काही किंमत आहे का, हा प्रश्न बोटीच्या आधीचा आहे. लंकेत उरलेल्या मजुरांच्या नागरिकत्वाचा प्रश्न अखेर तिथल्या २००३ च्या कायद्याने बव्हंशी मिटला. १९४८ पासून मोजा, म्हणजे किती वर्षे लागली ते कळेल.

आज काय स्थिती आहे? भारताच्या मदतीने तलाईमन्नारची रेल्वे पुन्हा बांधली गेली आणि मार्च २०१५ मध्ये गाडी त्या धक्क्यापर्यंत पुन्हा पोचली. म्हणजे पलीकडची गाडी आली आहे, अलीकडची आली आहे. मधली बोट तेवढी नाही. २०११ मध्ये तुतिकोरिन-कोलंबो अशी मोठी बोट सुरू झाली होती, ती काही महिन्यांतच थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिणम ते जाफन्याजवळचे कांकेसंतुरै अशी बोट निघाली. ती थोड्या दिवसांत बंद झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. हवामान बिघडले की तिला मधूनमधून थांबावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सरकारांनी संयुक्त निवेदनात रामेश्वर-तलाईमन्नार बोट लवकर सुरू करण्यासाठी काम करण्याचे मान्य केले आहे.

आणखी एक लहानसे बेट सांगायचे राहिले. रामेश्वर आणि जाफना यांच्या मधल्या समुद्रात कच्चतीवू नावाचे निर्जन बेट आहे. १९७४ च्या करारात ते लंकेकडे गेले. तिथे संत अँथनीचे चर्च आहे. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथे जत्रा भरते, आणि दोन्ही किनाऱ्यांवरचे कोळी होड्यांनी जातात. व्हिसा लागत नाही, तशी त्या करारातच सवलत आहे. एरवी याच पाण्यात मासेमारीवरून धरपकड होते, होड्या जप्त होतात, तंटे होतात. तेही सोपे प्रकरण नाही, कारण दोन्हीकडे पोट आहे. पण जत्रेच्या दिवशी तिथे इकडची बाई तिकडच्या बाईला लेकीसुनांची खुशाली विचारते. सरकारे मनावर घेतील तर वाट किती सोपी करता येते, याचा हा वर्षातून एकदा मिळणारा दाखला आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून हे भाषण संपवतो. सामुद्रधुनी म्हणजे दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी, अशी व्याख्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो. व्याख्या बरोबर आहे. पण पाल्कची सामुद्रधुनी शिकवाल त्या दिवशी मुलांना एवढे विचारा, की आपल्या गावापासून तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे गाव किती लांब? पुष्कळ ठिकाणी उत्तर वीस-पंचवीस मैल असेच येईल. मग सांगा, की धनुष्कोडी आणि तलाईमन्नार यांच्यामध्ये अंतर होते ते एवढेच. आणि रोज सकाळी आपली एस.टी. त्या गावाला जाते, तिच्यात बसून बाजारहाट, दवाखाना, माहेर सारे होते. ती गाडी चाळीस वर्षे बंद राहिली तर आपल्या गावाचे काय होईल, ते मुलांनाच सांगू द्या. सामुद्रधुनीची दुसरी व्याख्या त्यांची त्यांना सापडेल.